शिसपेनीकडं बघायचं नाही

“ती बाई शेवटी घरी परत येते का हो?”

मी मान वर केली. छपाईच्या खिळ्यांच्या केसपलीकडे सहस्रबुद्धे सर उभे होते. एका हातात सायकलची किल्ली, दुसऱ्या हातात प्रुफांची गुंडाळी.

“कुठली बाई?”

“गोष्टीतली. शेवटचं पान अजून माझ्याकडे आलेलं नाही, म्हणून विचारतोय. तुम्ही जुळवलंत ना ते?”

“जुळवलं की. काल दुपारीच.”

“मग? येते का परत?”

“मला काय माहीत! मला कुणी बाई दिसली नाही. ‘क्ष’ तीन ठिकाणी लागला आणि आमच्याकडे ‘क्ष’ मोजकेच आहेत, एवढं आठवतंय.”

सर मोठ्यानं हसले. मग एकदम हसायचे थांबले.

“चौदा पानांची गोष्ट आहे, शालनताई. त्यातलं अक्षर न् अक्षर तुमच्या हातातून गेलं. आणि गोष्ट काय आहे ते तुम्हाला ठाऊक नाही?”

पाठीमागून बाबालालचाचा म्हणाले, “सर, पोरीला बिघडवू नका. तिचा हात आत्ता कुठं बसलाय.”

ही १९७४ सालची गोष्ट. कराडच्या सोमवार पेठेत नाना घार्ग्यांचा छापखाना होता, तिथं मी कंपोझिटर होते. वय बावीस, शिक्षण आठवी. माझे वडील शिंपी. ते नानांचे सदरे शिवत, त्या ओळखीवर मला तिथं चिकटवलं होतं. आताच्या मुलांना हे काम समजावून सांगायला लागतं. केस म्हणजे लहान लहान खणांचं मोठं लाकडी ताट, आणि एकेका खणात एकेका अक्षराचे शिशाचे खिळे. लिहिलेला कागद समोर टेकवायचा, डाव्या हातात लोखंडी पट्टी धरायची आणि उजव्या हातानं खिळा खिळा उचलून त्या पट्टीत ओळ लावायची. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं, म्हणजे कागदावर सुलटं उमटतं. छापून झालं की तेच खिळे पुन्हा ज्याच्या त्याच्या खणात टाकायचे. खणाला आम्ही घर म्हणायचो.

मला हे सगळं बाबालालचाचांनी शिकवलं. पहिल्या दिवशी त्यांनी मला माझंच नाव जुळवायला लावलं. श, काना, ल, न. चार खिळे. जुळवायचं, मोडायचं, खिळे घरात टाकायचे, पुन्हा जुळवायचं. महिनाभर दुसरं काही नाही. मी रडकुंडीला आले, तर म्हणाले, “आपलं नाव डोळं झाकून जुळलं का बाकीची केस आपसूक हाताखाली येती. तुझं नशीब म्हण, चार खिळ्यांत सुटलीस. मला बाबालाल इमामसाहेब मुजावर जुळवायला लावलं हुतं माझ्या उस्तादानं.”

आणि महिना संपला त्या दिवशी त्यांनी खरी गोष्ट सांगितली. “वाचायचं न्हाई. बघायचं. वाचणारा माणूस कागदावर नसलेलंबी वाचतो. जे असायला पायजे ते वाचतो. आपल्याला जे हाय तेवढंच बघायचंय.”

ते स्वतः चाळीस वर्षं तसंच करत होते. पंचांगं, पोथ्या, कारखान्यांचे अहवाल, लग्नाची कार्डं, सगळं त्यांच्या हातातून गेलं होतं आणि डोक्यात काहीही राहिलं नव्हतं. त्याचा त्यांना अभिमान होता. मलाही होता. मी तालुक्यातली एकटी बाई कंपोझिटर असेन, आणि माझ्या गॅलीत, म्हणजे जुळवून झालेल्या मजकुरात, चूक सापडली तर नाना पेढे वाटतील असं चाचा चेष्टेनं म्हणत.

सहस्रबुद्धे सर हायस्कूलात मराठी शिकवायचे. सत्तावीस वर्षांचे, उंच, थोडे पोक काढून चालणारे. त्यांनी आणि गावातल्या चार-पाच साहित्यवेड्यांनी मिळून एक त्रैमासिक चालवलं होतं. ते आमच्याकडे छापलं जायचं आणि त्याची प्रुफं सर तपासायचे. पुढं नानांनी त्यांना छापखान्याची सगळीच प्रुफं द्यायला सुरुवात केली. त्यांची एक पद्धत होती. खात्रीची दुरुस्ती लाल शाईनं करायची आणि जिथं शंका असेल तिथं शिसपेनीनं बारीक खूण करायची. ती शंका मग लेखकाला किंवा नानांना विचारायची आणि ठरलं की त्यावर लाल शाई फिरवायची. चाचांनी मला पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, “लाल दिसलं का करायचं. शिसपेनीकडं बघायचं न्हाई. ते आपल्यासाठी नसतं.”

तर सरांनी बाईचं विचारलं आणि निघून गेले. मी पुन्हा कामाला लागले. पण मनात खुट्ट झालंच. घरी जाताना वाटलं, खरंच, ती बाई परत आली असेल का?

दुसऱ्या दिवशी मी शेवटच्या पानाचं प्रूफ शोधून वाचलं. बाई परत आली नव्हती. ती एस.टी. स्टँडपर्यंत येते, घराकडं जाणाऱ्या गाडीची पाटी बघते आणि दुसऱ्या गाडीत बसते. मी तिथंच, छपाईच्या ट्रेडल मशीनच्या खडखडाटात, पान हातात धरून उभी राहिले. हे परवापासून माझ्या बोटांत होतं आणि मला कळलं नव्हतं.

सर शनिवारी आले तेव्हा त्यांनी विचारायच्या आधीच मी म्हटलं, “नाही येत. दुसऱ्या गाडीत बसते.”

“अरे वा!” ते म्हणाले. “कुठल्या गाडीत?”

“ते लिहिलेलं नाही.”

“तुम्हाला काय वाटतं?”

मला काय वाटतं, असं मला तोवर कुणी विचारलं नव्हतं. वडील विचारत नव्हते, आई विचारत नव्हती, चाचांच्या मते तर काही वाटणं हाच दोष होता. मी म्हटलं, “मला वाटतं त्या दुसऱ्या गाडीची पाटी तिनं वाचलीच नसेल. मिळेल त्या गाडीत बसली असेल.”

सरांनी हातातली प्रुफं केसवर ठेवली. मग म्हणाले, “हे लेखकालासुद्धा सुचलं नव्हतं.”

त्या दिवसापासून मी वाचायला लागले. का, ते सरळ सांगते. मला ज्ञान हवं होतं म्हणून नाही. तो माणूस पुन्हा विचारणार होता म्हणून. जुळवता जुळवता वाचायचं, घरी जाताना मनाशी घोळवायचं आणि बुधवार-शनिवार ते आले की सांगायचं. शाळेत आठ वर्षं मास्तरांनी डोकं फोडलं तरी एक धडा लक्षात राहिला नव्हता, आणि आता पानंच्या पानं पाठ होत होती. भजी बांधून आलेला कागद मी भजी बाजूला ठेवून वाचायचे. दुकानांच्या पाट्या, सिनेमाची पोस्टरं, औषधाच्या बाटल्या, काही सोडायचे नाही. आई म्हणायची, हिला काय झालंय? वडील टेप गळ्यात टाकून मुंडी खाली घालून शिवत बसायचे. एकदा त्यांना मी ग्राहकांची मापं लिहिलेली वही मोठ्यानं वाचून दाखवली, तर हसून हसून त्यांची सुई हरवली.

कामाचे मात्र बारा वाजले. हात मंदावला. चुका होऊ लागल्या. एकदा लेखकानं ‘ती गप्प बसली’ लिहिलं होतं आणि मी ‘ती हसली’ जुळवलं. मला तिनं हसावंसं वाटत होतं.

चाचांनी ती गॅली माझ्यासमोर आपटली नाही. हळूच ठेवली. ते आपटण्यापेक्षा वाईट होतं.

“वाचतियास,” ते म्हणाले.

मी चुकीची ओळ सोडवायला लागले.

“कुणासाठी ते मी इचारत न्हाई. पर एक सांगतो. हात एकाचाच ऐकतो. डोळ्याचं न्हाईतर मनाचं.”

माझं मन कुणाचं ऐकत होतं ते एव्हाना छापखान्यातल्या उंदरालाही कळलं असेल. फक्त सरांना कळलं होतं की नाही, हे मला कळत नव्हतं.

मग दिवाळी अंकाचं काम निघालं. त्यात एका नव्या लेखिकेची कथा होती, नवरा नुकताच गेलेल्या बाईची. त्यात एक वाक्य होतं: ‘तिनं दोन ताटं घेतली आणि मग एक उचलून ठेवलं.’ प्रूफ परत आलं तेव्हा त्यावर लाल रेघ होती. मला खरं तर लाल दिसलं की करायचं होतं. पण मी कागद तसाच ठेवला आणि बुधवारी सर आले तेव्हा त्यांच्यापुढं धरला.

“हे का खोडलं?”

“गरज नाही त्याची. ती आता एकटी आहे, हे आधी सांगून झालंय.”

“सांगून झालंय. पण दिसलं आत्ता.”

सर कागद घेऊन उजेडाला गेले. खिडकीशी उभं राहून त्यांनी ते पान सुरुवातीपासून वाचलं. मग कानावरची शिसपेन काढली आणि खोडलेल्या वाक्याखाली टिंबं द्यायला लागले. एक, दोन, तीन, शब्दांखालून ओळीनं.

“हे काय?” मी विचारलं. असली खूण मी कधी पाहिली नव्हती. शिसपेनीकडं मी बघतच नव्हते.

“खोडलेल्याखाली टिंबं दिली की खोडलेलं रद्द. आधी होतं तसं राहू द्यायचं.”

“मग लाल शाईनं का नाही देत?”

“कारण मला अजून खात्री नाही. तुम्ही सांगा. राहू द्यायचं?”

“राहू द्या.”

त्यांनी खिशातलं लाल पेन काढलं, टोपण उघडलं आणि माझ्या हातात दिलं. “मग तुम्हीच पक्की करा.”

मी खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून एकेका शिसपेनीच्या टिंबावर लाल टिंब दिलं. ते माझ्या खांद्याशी उभे होते. त्यांच्या शर्टाला खडूचा वास येत होता. शेवटचं टिंब देऊन मी पेन परत केलं तेव्हा ते म्हणाले, “हे वाक्य तुमच्यामुळं राहिलं, शालन.”

ताई गळून पडली होती. ती परत कधी आली नाही.

मला ते हवे होते. आता या वयात ते कशाला लपवू? मी शिंप्याची पोर, ते सहस्रबुद्धे. त्या काळच्या कराडात याचा अर्थ काय ते कुणाला सांगायला नको. पण मी मनाशी ठरवलं होतं. त्यांनी एकदा विचारायला हवं होतं, बस. मी आपणहून बोलणार नव्हते, तेवढा ताठा माझ्यात होता. पण त्यांनी विचारलं असतं तर मी नेसत्या लुगड्यानिशी निघाले असते. बुधवार गेला की शनिवारची वाट बघायची आणि शनिवार गेला की बुधवारची. अंक छापून झाला त्या दिवशी पहिली प्रत त्यांनी मला दिली. “शालन, तुम्हाला एक विचारायचं होतं,” असं म्हणाले सुद्धा. तेवढ्यात नाना आतून हाका मारत आले आणि सर म्हणाले, “नंतर बोलू.”

त्या ‘नंतर’वर मी अडीच महिने काढले.

माघ महिन्यात लग्नाच्या कार्डांची झुंबड उडाली होती. एका सकाळी नाना कागद नाचवत आत आले. “बाबालाल, हे आधी घ्या. आपल्या सरांचं कार्ड आलंय! त्यांचे काका पुण्याहून देऊन गेले. आणि प्रूफ त्यांनाच पाठवा म्हणावं, स्वतःच्या लग्नाच्या चुका स्वतःच काढा!” आणि स्वतःच्याच विनोदावर हसत ते बाहेर गेले.

मी मशीनपाशी उभी होते. चाचांनी कागद हातात घेतला, माझ्याकडं बघितलं.

“मी करतो हे,” ते म्हणाले.

“तुमच्याकडं अहवाल आहे. मी करते.”

“पोरी.”

“मी करते म्हटलं ना, चाचा. काळजी करू नका. वाचणार नाही.”

मी कागद केसवर टेकवला. काकांचं अक्षर वळणदार होतं. चाचांनी पहिल्या महिन्यात शिकवलं होतं ते मी मनाशी म्हटलं, वाचायचं नाही, बघायचं. आणि खरंच, किती तरी महिन्यांनी मी वाचलं नाही. श्री गजानन प्रसन्न नाही, तर श्र, दुसरी वेलांटी. मुलाचं नाव नाही, मुलीचं नाव नाही, मुहूर्त नाही, कार्यालय नाही. नुसती अक्षरं आणि त्यांची घरं. हात असा चालला की बस. मधल्या दोन ओळी मोठ्या टाइपात होत्या, त्या मी दुसऱ्या केसवरून घेतल्या. डोळ्यांत एक थेंब पाणी आलं नाही. अर्ध्या तासात जुळवलेलं कार्ड दोऱ्यानं बांधून मी चाचांच्या पुढं ठेवलं. त्यांनी शाई फिरवली, प्रूफ काढलं, अक्षर तुटलेलं नाही ना, ओळ वाकडी नाही ना, एवढं बघितलं आणि पाकिटात घालून हायस्कूलात पाठवून दिलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी जेवून आले तर ते प्रूफ माझ्या केसवर पडलेलं होतं. सर येऊन गेले होते. थांबले नव्हते.

आख्ख्या कार्डावर एकच लाल दुरुस्ती होती. मधोमध, मोठ्या टाइपात, ‘चि. सौ. कां.’च्या पुढं, ‘शालन’. त्यावर लाल रेघ. समासात लाल शाईत, सरांच्या नेहमीच्या स्वच्छ अक्षरात, ‘वैजयंती’.

मी ते नाव सवयीनं आधी उलटं वाचलं, मग सुलटं. माझंच होतं. कानशिलं तापली. जमीन दुभंगून मला आत घेईल तर बरं, असं म्हणतात ते का म्हणतात ते मला तेव्हा समजलं. त्यांनी हे वाचलं होतं. स्वतःच्या नावाखाली माझं नाव वाचलं होतं आणि चूक म्हणून खोडलं होतं, जसा जादा काना खोडावा.

चाचा कधी पाठीशी आले कळलं नाही. ते वाचत नाहीत म्हणायचे, पण चार खिळ्यांचं ते नाव त्यांनीच तर माझ्या हाताला लावलं होतं.

“व्हतं असं,” ते हलक्या आवाजात म्हणाले. “मन काढून घेतलं का हात जुन्या वाटंनं जातो. त्याचा काय गुन्हा न्हाई.”

मी मान हलवली.

“एका गावच्या मतदारयादीत माझ्या हातनं माझ्या घरवालीचं, हुसेनबीचं नाव गेलं हुतं. तिला जाऊन वरीस झालं हुतं. कुणाला कळलं न्हाई, आन मी सांगितलं न्हाई.” इकडंतिकडं बघून ते म्हणाले, “दुरुस्ती कर आन ह्यो कागद फाडून टाक. नानांच्या हाताला लागला तर गावभर व्हईल.”

मी खिळे उपसायचा चिमटा हातात घेतला. बांधलेलं कार्ड सैल केलं आणि माझे चार खिळे उपसून काढले. श त्याच्या घरात. काना कान्याच्या घरात. ल. न. मग ‘वैजयंती’ बसवलं. ते नाव लांब होतं, ओळीतल्या दोन्ही बाजूंच्या कोऱ्या पट्ट्या कमी कराव्या लागल्या. पण बसलं. कागद मी फाडला नाही. का नाही फाडला, काय माहीत. घडी करून डब्याच्या पिशवीत टाकला.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. सरांचा येण्याचा दिवस नव्हता, तरी ते आले. शाळा बुडवून आले असावेत, कारण अकरा वाजले होते. माझ्या केससमोर उभे राहिले. दाढी केलेली नव्हती.

“प्रूफ बघितलंत?” त्यांनी विचारलं.

मी खिळे उचलतच राहिले. “बघितलं.”

“नीट बघितलंत?”

“नीट बघितलं. माफ करा, सर. चूक झाली. असं पुन्हा होणार नाही.”

“माफीचं नाही म्हणत मी. सगळं बघितलंत ना?”

मला राग आला. एकदा खोडून भागलं नव्हतं, आता तोंडी उजळणी घ्यायची होती? मी हातातली पट्टी खाली ठेवली आणि पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत बघून बोलले.

“लाल होतं तेवढं सगळं केलं. कार्ड बिनचूक आहे.”

“आणि बाकीचं?”

“बाकीचं आमच्यासाठी नसतं, सर.”

केसच्या कडेवर त्यांनी हात ठेवला होता, तो उचलला. “बरं,” म्हणाले. पुन्हा एकदा, “बरं.” दारापर्यंत गेले आणि तिथं थोडा वेळ पाठमोरे उभे राहिले. मला वाटलं काही विसरलं असेल. मग सायकलचं स्टँड काढल्याचा आवाज आला.

कार्डं छापली गेली. लग्नाला सगळा छापखाना गेला, मी आजारी पडले. त्या उन्हाळ्यात त्यांना पुण्याकडं नोकरी लागली आणि त्रैमासिकही बंद पडलं. माझा हात पुन्हा पहिल्यासारखा चालू लागला. एक चूक नाही. चाचा खूश होते, म्हणजे तसं दाखवायचे.

पुढं माझंही लग्न झालं. साताऱ्याचे, एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. माणूस सज्जन होता. मी त्यांना पेपर वाचून दाखवायचे, ते हातावरचं ग्रीस पुसत ऐकायचे. त्यांच्याशी मी कधी खोटं वागले नाही. पण बुधवार उजाडला की सकाळी काही क्षण काहीतरी आहे आज, असं वाटायचं, ते कधी गेलं नाही. अजून वाटतं. छापखाने ऑफसेटचे झाले, खिळे वजनावर विकले गेले, चाचा गेले, सहा वर्षांपूर्वी आमचे हेही गेले. सर कुठं आहेत, आहेत की नाहीत, मला ठाऊक नाही.

गेल्या हिवाळ्यात माझ्या दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू काढले. नवा चष्मा आला आणि मला पुन्हा वाचायचं वेड लागलं. नात म्हणते, आजी, तू टूथपेस्टची नळीसुद्धा वाचतेस! तर पेन्शनच्या कसल्याशा कामासाठी मुलाला माझा शाळेचा दाखला हवा होता, म्हणून मी माझी जुनी पत्र्याची ट्रंक उघडली. दाखला सापडला आणि त्याच्याखाली तो कागद. अठ्ठेचाळीस वर्षांत मी तो एकदाही उघडला नव्हता. उघडून बघायचं काय, तर लाल रेघ?

पण हातात आला, तसा उलगडला. घडीवर विरलेला, पिवळा पडलेला. लाल शाईसुद्धा विटकरी झाली होती. ‘शालन’ तसंच होतं, काळं कुळकुळीत. नानांची शाई चांगली असायची.

नावाच्या खाली कागदावर काहीतरी मळल्यासारखं दिसलं. शाईचा डाग असेल म्हणून मी खिडकीशी गेले. डाग नव्हता. पुसट करडं काही होतं, चमकत होतं. शिसपेन.

मी कागद पालथा केला. खिळ्यावर आयुष्य गेलेल्या बाईला उलटी बाजू जास्त कळते. मागच्या बाजूनं बोट फिरवलं आणि बोटाला लागलं. बारीक बारीक उंचवटे. त्यांनी शिसपेन दाबून धरली असणार. एक, दोन, तीन, चार. ‘श’खाली एक, कान्याखाली एक, ‘ल’खाली, ‘न’खाली.

‘मला अजून खात्री नाही. तुम्ही सांगा. राहू द्यायचं?’

आधी मला राग आला. असा राग आला की कागद चुरगाळणार होते. टिंबं देता? तोंड होतं ना तुम्हाला? पोरांना कविता शिकवत होतात ना? एक शब्द बोलला असतात! मग ते दाढी न केलेलं तोंड आठवलं. बघितलंत, नीट बघितलंत, सगळं बघितलंत ना, असं तीनदा विचारणारं. त्यांनी विचारलं होतं हो. मला कळेल अशाच रीतीनं विचारलं होतं, आणि आम्हा दोघांशिवाय जगात कुणालाच ते कळलं नसतं. मीच लाल तेवढं बघत होते. मला खोडलंय एवढंच शोधायचं होतं, तेवढंच मला सापडलं. आणि वर त्यांना सांगितलं, बाकीचं आमच्यासाठी नसतं.

मी किती वेळ खिडकीशी बसले होते कुणास ठाऊक. मुलगा येऊन दाखला घेऊन गेला. “रडतेस का, आई?” “डोळ्यांत औषध घातलंय,” मी म्हटलं.

नात शाळेतून आली तेव्हा तिच्या कंपासपेटीतलं लाल पेन मागून घेतलं.

“कशाला गं, आजी?”

“एक दुरुस्ती राहिलीय.”

कागद खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, चष्मा पुसला आणि शिसपेनीच्या चारही टिंबांवर, एकेक करून, लाल टिंब दिलं.